गाडीची विचारपूस : जुनी पिकअप, नवा मालक

या वेळच्या पत्रांत पिकअपवाल्यांचीच गर्दी आहे. पहिलं पत्र जवळजवळ पूर्ण छापतोय, कारण असलीच यादी खिशात घेऊन कोणी ना कोणी माझ्या गॅरेजवर येतच असतं.

प्रश्न : काका, मी ओतूरजवळचा शेतकरी. 2018ची बोलेरो पिकअप, 1.3 टनी, नुकतीच घेतली. मीटर 1,40,000 दाखवतं. टोमॅटो, कांदा घेऊन माळशेजमार्गे कल्याणला जातो. 90 क्रेट आरामात बसतात, पण गाडी मागून बसते आणि घाटात दम टाकते. हाताशी दीड लाख आहेत. मागे स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवायचे, इंजिनचं रिमॅप (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचं, पुढे गार्ड, टपावर एलईडी बार, अलॉय व्हील आणि गाडी काळी करायची. सुरुवात कुठून करू?

उत्तर : गाडीच्या खालून करा. तुमच्या यादीतल्या सहापैकी पाच गोष्टींना मी नाहीच म्हणणार आहे, त्यामुळे पैसे शिल्लक राहतील. ते कुठे घालायचे तेही सांगतो.

आधी त्या 90 क्रेटचं बघू. क्रेटमागे वीस किलो माल धरला तरी 1800 किलो झाले, वर रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. गाडीची माल पेलायची ताकद 1300 किलोची. म्हणजे ती मागून बसते यात पाट्यांचा दोष नाही. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 वेगळे. पण माझी काळजी दंडाची नाही, उताराची आहे.

पाटे वाढवण्यात एक गोम आहे, आणि ती पाटेवाला सांगत नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरून चासीला एक दांडी जाते, तिच्या टोकाला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की हौदा खाली येतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरेल. आता तुम्ही पाटे वाढवले. माल भरूनही हौदा वरच राहिला. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे दोन टन माल घेऊन माळशेज उतरताना मागचे ब्रेक अर्धवट लागणार आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येणार. वरून कितीतरी गाड्यांवर ही दांडी गंजून अडकलेली किंवा तारेनं बांधून ठेवलेली असते. तुमची आजच बघा.

तेव्हा जुने पाटे उतरवून तपासा. तुटलेला किंवा सपाट झालेला पाटा असेल तर त्याच मापाचा बदला, शॅकलचे (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांचे) बुश आणि यू-बोल्ट नवे टाका. ब्रेकचे मागचे लायनर, पुढचे पॅड, व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ओलं झालेलं ऑइल घाटात तापून उकळलं की पॅडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. आणि क्रेट साठच्या आत आणा. दीड लाखातला पहिला मोठा हिस्सा इथे गेला तर मला आनंद आहे.

दुसरा हिस्सा टायरचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं, पावसात धरत नाही. टायर कंपनीच्याच मापाचे, तेवढंच वजन पेलणारे घ्या. अलॉय विसरा. मालाच्या गाडीला चाकाची लोखंडी डिस्क बरी. खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकतं.

आता दम. रिमॅप म्हणजे जास्त डिझेल, जास्त उष्णता. क्लचप्लेट आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) त्याची किंमत चुकवतात. वर पीयूसीला काळा धूर दिसतो तो वेगळाच. त्यापेक्षा गेलेली ओढ परत आणा. इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे, रबरी पाइप क्लिपजवळ तेलकट दिसतात का बघा. तिथे चीर असली की चढाला शीऽऽ असा आवाज येतो, हवा गळते आणि धूर काळा होतो. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे टाका. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडून काजळी काढा. डिझेल फवारणारे इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या. बहुतेक गाड्या एवढ्यातच मार्गी लागतात.

पण त्याआधी एक परीक्षा करा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ आली तर हरकत नाही; झाकण थडथड उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि मग बाकीची यादी बाजूला ठेवून इंजिनचंच काम निघेल. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, टर्बोच्या शाफ्टला खेळ आहे का तेही बघायला सांगा.

मीटरवर माझा पटकन विश्वास बसत नाही. पॅडलचं रबर, स्टेअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सर्व्हिसच्या नोंदी विचारा. फायनान्सचा बोजा उतरलाय का, जुने ई-चलन आहेत का, हे बघून नावावर करून घ्या. आठ वर्षांपर्यंत फिटनेसचं पासिंग दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. तुमची गाडी त्याच वयात येतेय.

लायटीचं तुमचं दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. माळशेजच्या धुक्यात टपावरचा पांढरा बार पेटवला की प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो, समोरच्याला आंधळा करतो तो वेगळाच. काच धुरकट झालेली असेल तर हेडलाइट बदला, बल्ब कंपनीच्या वॉटचेच ठेवा, आणि रिले, फ्यूज लावून जाड वायरचं हार्नेस टाका. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतं. ते पूर्ण मिळालं की तोच बल्ब वेगळा वाटतो. बंपरखाली पिवळे फॉगलॅम्प, सरळ समोर नाही, किंचित खाली वळवून.

समोरचा गार्ड नको. केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेत तो चालणाऱ्या माणसाला जास्त मारतो आणि धक्का थेट चासीला देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या माहितीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. मालकाला बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यादीतली एकच गोष्ट उरली, रंग. तो करता येतो. आरटीओकडे अर्ज करा, आरसीवर नोंद करून घ्या. फक्त काळा नको. मे महिन्यात कॅबिनमध्ये बसून बघा म्हणजे कळेल.

प्रश्न : काका, माझी निफाडकडे रोपवाटिका आहे. पिकअप मी स्वतः चालवते. रोपांच्या ट्रेसाठी हौद्यात लोखंडी मांडणी वेल्डिंग करून घेऊ का? आणि कंबर फार दुखते.

उत्तर : ताई, मांडणी जरूर करा, पण काढता येईल अशी, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टनं आवळलेली. चासीला वेल्डिंग कोणालाही करू देऊ नका. तापलेल्या जागी पोलाद कमजोर होतं आणि पुढे तिथेच चीर जाते. गाडीवर वेल्डिंग कुठेही असो, बॅटरीच्या वायरी आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, सॉकेट आधी काढायला लावा. कॉमनरेल (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) गाडीचा ईसीयू वेल्डिंगच्या करंटनं उडाला की मांडणीच्या कितीतरी पट खर्च येतो. जड ट्रे खालच्या कप्प्यात ठेवा.

कंबरेसाठी बाजारचं जाड कव्हर घेऊ नका. त्यानं सीट उंच होते आणि पाय क्लचपर्यंत ताणावा लागतो. सीटवाल्याकडून आतला फोम बदलून घ्या, पाठीच्या खालच्या भागाला थोडा उंचवटा ठेवायला सांगा. क्लच जड लागत असेल तर तेही तपासा. नवी प्लेट बसवल्यावर अर्धी कंबर तिथेच बरी झालेली मी पाहिलीय.

प्रश्न : मालवणात गाडी समुद्रापासून जवळच उभी असते, वर मासळीची वाहतूक. गंजावर खालून जळकं ऑइल मारू का?

उत्तर : नको. ऑइलनं बुश आणि रबरी पाइप फुगतात, धूळ चिकटते, आणि ब्रेकच्या लायनरवर गेलं तर विचारूच नका. मासळीचं खारं पाणी ही तुमची खरी अडचण. हौद्यातली रबरी मॅट दर फेरीनंतर उचला, पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, चासीच्या आतूनही गोड्या पाण्यानं धुवा. पावसाळ्याआधी पत्रा पूर्ण वाळवून, गंज खरवडून, प्राइमर आणि मग अंडरकोटिंग. गंजावरच कोटिंग मारलं तर तो आत सुखानं वाढतो.

प्रश्न : मागच्या फाळक्यावर आईचं नाव आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचंय. रेडियम की पेंटर?

उत्तर : आईचं नाव पेंटरकडून, ब्रशनं. उन्हात रेडियम कडेनं सुटतं, एनॅमल टिकतं, आणि हातानं लिहिलेल्या अक्षराला जी ऐट असते ती कापलेल्या स्टिकरला नाही. हे माझं मत, यावर वाद घालणार नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’वर मात्र महाराष्ट्रानं 2015 मध्येच बंदी घातली आहे. नंबरप्लेटवर हौस नको. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपीच (हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट) लागते. रिफ्लेक्टर पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या, त्यांच्यावर रंगाचा थेंब येऊ देऊ नका. पेंटर काम करत असताना टेललाइटवर कागद चिकटवून ठेवा, आणि गाडी बाहेर काढण्याआधी तो काढा.