वाचकांचे प्रश्न : एमजीएफची पहिली फेरी

गेल्या अंकात जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांविषयी लिहिताना आम्ही एमजीएफचा उल्लेख ‘गुणांच्या मानाने फार कमी भाव मिळालेली गाडी’ असा केला होता. त्यावर इंग्लंडमधल्या आणि इथल्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : येत्या शनिवारी १९९८ ची एमजीएफ बघायला जातो आहे. या गाडीबद्दल कोणी म्हणतं मऊ चालते, कोणी म्हणतं हाडं खिळखिळी करते. एकाच गाडीबद्दल इतकी उलटसुलट मतं कशी? पहिल्यांदा चालवताना नक्की काय जाणवायला हवं?
— एक वाचक, लेस्टर

दोन्ही मतं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या अवस्थेतल्या गाड्यांबद्दलची आहेत. १९९५ ते २००२ या काळातल्या एमजीएफला स्प्रिंगा नाहीत. तिला अ‍ॅलेक्स मोल्टन या ब्रिटिश अभियंत्याची हायड्रागॅस पद्धत आहे. प्रत्येक चाकापाशी एक गोळा असतो. त्यात पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो. एकाच बाजूची पुढची आणि मागची चाकं द्रवाच्या नळीने जोडलेली असतात. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की द्रव मागे ढकलला जातो आणि मागची बाजू थोडी उचलली जाते. त्यामुळे गाडी पुढेमागे डुलत नाही, सपाट राहते. इतक्या आखूड गाडीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

म्हणून किल्ली मागण्याआधी खिशातून मोजपट्टी काढा. गाडी सपाट जमिनीवर चारदोन मीटर पुढेमागे ढकलून स्थिर होऊ द्या. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा. ३६८ मिलिमीटर यायला हवं, दहा कमीजास्त चालेल. चारही चाकं मोजा आणि आकडे लिहून घ्या. थंडीत गाडी थोडी खाली बसते, तेवढी सूट द्या. ३४० च्या आसपास असेल तर सस्पेन्शन बंपस्टॉपच्या (खाली दबण्याची मर्यादा ठरवणाऱ्या ठोकळ्याच्या) जवळ पोचलेलं असतं. खड्ड्यात गाडी आपटते आणि मागचे टायर आतल्या कडेने झिजतात. विक्रेता ‘मुद्दाम लो केली आहे’ म्हणाला तरी बहुतेक वेळा नुसता द्रव कमी झालेला असतो.

पुढची पायरी लोक विसरतात. उंची बरोबर आणि तरीही गाडी कडक, असंही होतं. इतक्या वर्षांत पडद्यातून नायट्रोजन हळूहळू निसटतो. गॅरेजवाला द्रव भरून उंची परत आणतो, पण उशी तर वायूची होती, द्रव दाबला जात नाही. गाडी दिसते बरोबर आणि चालते दगडासारखी. परीक्षा सोपी आहे : पुढच्या मडगार्डवर वजन टाकून दाबा. गाडी सहज खाली जायला हवी आणि त्याच बाजूचा मागचा भाग किंचित हलायला हवा. नुसतीच ताठ राहिली तर गोळ्यांत वायू उरलेला नाही. नवीन गोळे आता बनत नाहीत. जुन्यांना वॉल्व्ह बसवून नायट्रोजन पुन्हा भरणारे कारागीर इंग्लंडमध्ये आहेत, किंवा स्प्रिंगांचा संच बसवता येतो. आमचं मत विचाराल तर आधी गोळे भरून घ्या. स्प्रिंगा बसवल्या की या गाडीचा स्वभावच बदलतो.

सगळं जागेवर असलेल्या गाडीत बसलात की पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे आसन अपेक्षेपेक्षा उंच आहे. इंजिन पाठीमागे असल्याने आवाज मानेमागून येतो आणि समोर बॉनेट छोटं, उताराचं. गिअरचा दांडा केबलवर चालतो. थंड असताना दुसरा गिअर जरा अडखळतो, तो ढकलू नका, क्षणभर थांबून टाका. गरम झाल्यावरही अडखळला तर सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारा भाग) झिजलेला समजा. स्टीअरिंगला विजेची मदत असेल तर ते हलकं असतं, वेगाबरोबर मदत कमी होते. रस्त्याची खबर हाताला फार मिळत नाही, हा या गाडीचा खरा दोष आहे आणि तो दुरुस्तीने जात नाही. पण खराब डांबराच्या वळणदार रस्त्यावर ती ज्या शांतपणे जाते, तशा त्या काळातल्या फार थोड्या स्वस्त स्पोर्ट्स गाड्या जातात.

प्रश्न : माझी गाडी मोटरवेवर साठ मैलांच्या पुढे भिरभिरते, जरा वाऱ्याने लेन सोडते. मेकॅनिकने ‘मिड इंजिन गाड्या अशाच’ म्हणून हात झटकले.
— एक वाचक, कॉव्हेंट्री

अशाच नसतात. आधी टायरची हवा बघा : पुढे २६ पीएसआय, मागे २८. गॅरेजमध्ये सवयीने चारही चाकांत ३२ भरतात आणि पुढचं हलकं नाक उड्या मारायला लागतं. मूळ मापं पुढे १८५/५५ आर १५ आणि मागे २०५/५० आर १५. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असू द्या. स्टेपनी आणि बॅटरी बॉनेटखाली असतात. जागेसाठी स्टेपनी काढून ठेवली असेल तर परत ठेवा, ते वजन नाकावर हवं असतं.

मग उंची. पुढे जास्त आणि मागे कमी असेल तर तुम्ही सांगता तेच होतं. द्रव भरण्याचे वॉल्व्ह बॉनेटखाली, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक. दाब ४०० पीएसआयच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे टायरचा पंप लावायचा विचारही करू नका. हायड्रागॅसचा पंप असलेल्या गॅरेजकडेच जा. सगळ्यात शेवटी, उंची ठरल्यावर, चारही चाकांचं अलाइनमेंट करा. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. मागच्या चाकांचा कोनही जुळवता येतो, फक्त पुढची चाकं जुळवून गाडी परत करणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

प्रश्न : हेड गॅस्केट. सगळे म्हणतात ते जाणारच. खरं काय? गॅस्केट बदललेली गाडी घ्यावी की न बदललेली?
— एक वाचक, स्लाव

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. नुसतं ‘बदललं’ ऐकून घेऊ नका. कसं बदललं हे विचारा. त्यासाठी ते का जातं हे माहीत हवं.

के सिरीजचं १७९६ सीसीचं हे इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं आणि हलकं आहे. हेडपासून इंजिनाच्या तळातल्या ऑईल रेल या पट्टीपर्यंत जाणारे दहा लांब बोल्ट सगळे थर एकत्र आवळून धरतात. मधले लायनर (पिस्टन ज्यांत वरखाली होतात त्या नळ्या) पाण्यात उभे असतात. इंजिनात स्वतःचं पाणी फार थोडं असतं. त्यात या गाडीत रेडिएटर अगदी पुढे आणि इंजिन मागे, मधे गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या लांब नळ्या. थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला आहे, त्यामुळे तो उघडला की पुढचं गार पाणी एकदम गरम इंजिनात शिरतं. सुरुवातीच्या इंजिनांत हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या. हेड सूक्ष्म सरकायचं आणि गॅस्केटवरची रबरी रेघ सुटायची.

तरीही बहुतेक गॅस्केटांची गोष्ट गॅस्केटपासून सुरू होत नाही. ती थोडंसं पाणी कमी होण्यापासून सुरू होते. साध्या १.८ इंजिनाच्या प्लास्टिक इनलेट मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट चपटं होऊन थेंब थेंब गळतं. तळाखालच्या लोखंडी नळ्या गंजतात. पाण्याच्या टाकीचं झाकण दाब धरत नाही. पाणी कमी झालं की हवेचा बुडबुडा अडकतो, सेन्सर हवेत राहतो आणि टेम्परेचरचा काटा मधेच निवांत उभा दिसतो. काटा हलेपर्यंत हेडने मार खाल्लेला असतो. काट्यावर विसंबू नका, टाकीतली पातळी बघा. डिकी उघडून पुढच्या बाजूला टाकी दिसते. गाडी थंड असताना दर आठवड्याला बघा. पातळी कळवणारा अलार्म वेगळा मिळतो, तो बसवाच. या गाडीवर इतक्या कमी पैशांत एवढं काम करणारी दुसरी वस्तू नाही.

खरेदीच्या वेळी : ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका. हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांनी वाफ साचूनही ती येते. पण डिपस्टिकवरचं ऑईलही दुधाळ असेल, किंवा टाकीतलं पाणी तपकिरी आणि तेलकट असेल, तर गाडी न घेता परत या. शंका असेल तर टाकीच्या तोंडाशी ज्वलनवायूची चाचणी करून घ्या. निळा द्रव पिवळा झाला की वायू पाण्यात येतो आहे.

काम नीट झालं आहे का, हे पावतीवर शोधा : स्टीलच्या खुंट्या, अनेक पत्र्यांचं स्टील गॅस्केट, मजबूत ऑईल रेल, नवीन बोल्ट, नवीन टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, हेडचं कठीणपण तपासल्याची नोंद. आणि लायनरची उंची. लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर असायला हवेत. एक जरी खाली बसला असेल तर कुठलंही गॅस्केट टिकत नाही. ही नोंद असलेली पावती फार कमी वेळा दिसते, दिसली तर त्या गाडीला दोन पैसे जास्त द्या.

घरी हे काम करणाऱ्यांसाठी : हेडचे बोल्ट सैल केल्यावर क्रँक फिरवू नका, लायनर उचलले जातात आणि त्यांचं खालचं सील तुटतं. हेड काढताच लायनर क्लँप करा. बसवताना बोल्ट मधून बाहेर या क्रमाने २० न्यूटनमीटर, मग सगळे १८० अंश, मग पुन्हा सगळे १८० अंश. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर खूण करा, म्हणजे कोन चुकत नाही.

पाणी भरणं हे निम्मं काम आहे. एकूण सुमारे दहा लिटर, अर्धं कूलंट आणि अर्धं शुद्ध पाणी. नारिंगी ओएटी प्रकारचं आणि जुनं निळं-हिरवं कूलंट एकमेकांत मिसळू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, सावकाश ओता. रेडिएटरवरचा, हीटरच्या नळीवरचा आणि इंजिनाजवळच्या नळीवरचा असे तीन ब्लीड स्क्रू आहेत. प्रत्येकातून बुडबुडे थांबून सलग पाणी आलं की बंद करा. पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत अजून हवा आहे. गाडी पूर्ण थंड करून पुन्हा पातळी बघा आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी बघा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नीट पावती असलेली, बदललेली गाडी घ्या. ती नसेल तर न बदललेली, पण पाणी न पिणारी. कागद नसलेलं ‘नवं गॅस्केट’ यात तिसऱ्या नंबरवर.

प्रश्न : साधं १.८ घ्यावं की व्हीव्हीसी?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

साधं इंजिन १२० पीएस (अश्वशक्ती), १६५ न्यूटनमीटर आणि तेही ३००० आरपीएमला. रोजच्या रस्त्यावर हेच जास्त उपयोगी. व्हीव्हीसी (वॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ वेगानुसार बदलणारं इंजिन) १४५ पीएस, पण ती ताकद ७००० आरपीएमला मिळते. चार हजारांच्या पुढे इंजिन खुलतं आणि तिथे ते खरंच सुंदर आहे. तिचा मॅनिफोल्ड धातूचा आहे, ही जमेची बाजू. मात्र तिला मागच्या बाजूला दुसरा छोटा बेल्ट असतो आणि तो बदलायचा राहून गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. पावतीवर दोन बेल्ट दिसले नाहीत तर किमतीतून तो खर्च वजा करा.

दोन्हींत एक नियम पाळा : ऑईल गरम होईपर्यंत ३००० च्या पुढे जाऊ नका. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मधे येतो, ऑईलला पंधराएक मिनिटं लागतात.

प्रश्न : भाऊ रेडिंगला असतो, त्याने एमजीएफ घेतली आहे. मी पुण्याहून जाणार आहे. मला ती चालवता येईल का? आणि पुढे भारतात आणता येईल का? इथे एमजी म्हणजे हेक्टर एवढंच लोकांना माहीत.
— एक वाचक, पुणे

भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. पण तिथे विमा गाडीबरोबर चालकाचाही असतो. भावाच्या पॉलिसीत तुमचं नाव थोड्या दिवसांसाठी घालून घ्या, त्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका. आणायचं मात्र विसरा. व्हिंटेज गाड्या वगळता, वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर आपल्याकडे आयात होत नाही.

ओल्या रस्त्यावर एक सांगतो. ही गाडी वळणात आधी पुढून बाहेर सरकते, तो इशारा समजा. त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचं वजन फिरतं. पाय हळू उचला, स्टीअरिंग थोडं सरळ करा. ब्रेक मारायचा तो वळणाआधी. मागचे टायर किती जुने आहेत ते आधी बघा. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर असलेले पण दहा वर्षं जुने टायर या गाडीवर धोकादायक आहेत.

प्रश्न : क्लच फार जड आहे. प्लेट गेली का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

बहुधा नाही. गिअरबॉक्समधला क्लच रिलीजचा आडवा दांडा त्याच्या बुशमध्ये गंजून अडकतो आणि पेडल महिन्यागणिक जड होत जातं. आधी बाहेरून बुशच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि दांडा मागेपुढे हलवा. मोकळा झाला तर ग्रीस भरा. नाही झाला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तो उतरवलाच तर दांडा, बुश, प्लेट आणि बेअरिंग सगळं एकदम बदला. जड पेडल रेटत राहिलात तर रिलीजचा हात वाकतो, मग गिअर नीट सुटत नाही आणि सिंक्रोवर ताण येतो.