निरोप भुसावळलाच घे

प्रिय बेटा,

जर्मनीला शिकायला निघालीस, त्याचं तिकीट पाहिलं. आधी तारखेचा घोळ मिटवू. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तुझ्या तिकिटावर १८ तारीख आणि वेळ रात्री सव्वाची आहे, म्हणजे मुंबईत सहार विमानतळावर पोचायचं १७ च्या रात्री नऊला. घरात सगळे ‘अठराला जाणार’ म्हणत असतील, ते आजच दुरुस्त कर. रेल्वे अशी निवड की दुपारीच दादर येईल. पावसात कसारा घाटात गाडी रखडली, तर विमान तुझ्यासाठी थांबणार नाही.

तुझे बाबा क्रूझर गाडी करून सगळं गणगोत मुंबईला न्यायचं म्हणताहेत, असं कानावर आलं. नको. तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आत कुणाला सोडत नाहीत. दारात मागून हॉर्न वाजत असतात, हातात ट्रॉली असते, आणि त्या गर्दीत आजीच्या पाया पडायचं राहून जातं. औक्षण, हातावरचं दही, सगळ्यांच्या गळ्यात पडणं, हे घरी होऊ दे आणि उरलेलं भुसावळच्या फलाटावर. फलाटावर रडायला जागा असते, कुणी हटकत नाही. पुढे बाबा एकटे पुरेत. आईला यायचंच असेल, तर मात्र तिला कुणी अडवू नका.

विमानतळावर तुला फारसं काही वाटणार नाही, याचं नवल करू नकोस. बॅगेचं वजन, इमिग्रेशनची रांग, लॅपटॉप बाहेर काढा, पुन्हा आत ठेवा, यात मन गुंतलेलं असतं. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि पासपोर्ट हाताशी ठेव, अधिकारी कुठे, कशाला एवढंच विचारतो. रडू येतं ते नंतर, भलत्याच वेळी. रात्रीचे अडीच वाजलेले असतात, समोर जेवणाचा ट्रे येतो आणि घास उतरत नाही. येऊ दे रडू. दिवे मंद असतात, इंजिनाच्या आवाजात शेजारच्याला कळतही नाही. फ्रँकफर्टपर्यंतच्या त्या नऊएक तासांत घरचा फोन नाही की विद्यापीठाचा मेल नाही. (वायफाय विकत मिळालं तरी घेऊ नकोस.) काही जण त्या वेळेत जर्मनचे शब्द पाठ करतात. मला ते पटत नाही. झोप, नाहीतर नुसती बसून राहा.

जेवणाचं आधीच सांगून ठेव, निदान २४ तास आधी. त्यात एक गंमत आहे: ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात कोंबडी किंवा मटण असू शकतं. तुमच्या घरात माळ आहे, म्हणून ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवड. वर हवा कोरडी आणि दाब कमी, त्यामुळे जिभेला चव कमीच लागते. आचाऱ्याला दोष देऊ नकोस. आईच्या दशम्या बरोबर घे आणि विमानातच संपव.

खिडकीचा हट्ट सोड, रात्री बाहेर काळोखच दिसतो. कडेची सीट घेतलीस तर दोन झोपलेल्या माणसांना ओलांडावं लागत नाही, आणि दर दोन तासांनी उठून चालायलाच हवं, पाय सुजतात. पाणी पीत राहा. विमान हादरलं, तर आपल्या यावल-चोपडा रस्त्यावरच्या एसटीसारखं समज. पट्टा मात्र झोपेतही बांधलेला असू दे. उतरताना कान दडपतात. तेव्हा जागी राहा, आवंढा गिळ, जांभई दे.

सप्टेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. विमानात बसल्याबरोबर घड्याळ तिथलं लाव. पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येईल. दुपारी कितीही डोळे मिटले तरी झोपू नकोस, बाहेर उन्हात फिर आणि रात्री नऊपर्यंत कळ काढ.

सामानाचं थोडक्यात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणचं मोठ्या बॅगेत, नीट बांधून. खोबऱ्याच्या वाट्या आई लपवून भरेल, त्या काढ. तेलामुळे सुकं खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई आहे. तूप आणि पेढेही नकोत, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणू देत नाहीत.

उतरल्यावर विमानतळाचं वायफाय लाव आणि आधी आईला ‘पोचले’ एवढंच लिही. ती तोवर झोपलेली नसेल. फोन खोलीवर गेल्यावर कर.

रविवारी बॅगा किराणा दुकानातल्या काट्यावर घालून बघ. तिकिटावर २३ किलोच आहेत. वर गेलं तर पुस्तकं काढ, बिबड्या (आपले ज्वारीचे पापड) राहू देत.

तुझा,
काका