वाचकांचे प्रश्न : हरणाऱ्या संघाची साथ

प्रश्न : ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मी दोन मित्रांसह पुण्याहून मुंबईला गेलो आणि वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, संघांचा हंगामपूर्व सामना पाहिला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले असल्यामुळे आम्ही आपसूकच त्यांची बाजू घेतली. आदल्या दिवशी किंग्ज जादा वेळेत एका गुणाने हरले होते, आणि त्या दिवशी ते १०६-१३० असे हरले. तरीही संघ मनात बसला तो बसलाच. २०२२-२३ चा हंगाम आनंदात गेला; पण २०२४-२५ मध्ये डिसेंबरात प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढले, फेब्रुवारीत आघाडीचा खेळाडू डी'ॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि एप्रिलमध्ये प्लेऑफ या हंगामाअखेरच्या बाद फेरीत जागा मिळवण्यासाठीच्या सामन्यात स्वतःच्या मैदानावर डॅलसकडून हरून सगळे संपले. कार्यालयातील सहकारी म्हणतात, की संघ बदल. मी काहीही केले तरी निकाल बदलत नाही, हे मला कळते. मग आशा ठेवणे हा वेडेपणा आहे का? आणि नसेल, तर ती कशाच्या आधारावर ठेवावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मी काहीही केले तरी निकाल बदलत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण आपली खरी अडचण त्यात आहे असे मला वाटते. पुण्यात मोठ्या पराभवाची गोष्ट निघाली, की पानिपताची उपमा लगेच ओठांवर येते, आणि दहाच वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोहोचल्या, हेही त्यापाठोपाठ सांगितले जाते. ती उपमा मी आपल्यासाठी वापरणार नाही. पानिपतानंतर ज्यांनी पुन्हा उभारणी केली, त्यांच्या हातात तलवार होती, कारभार होता. चाहत्याच्या हातात यांपैकी काहीच नसते. तो कोथरूडमध्ये बसून सकाळचा चहा गार होईपर्यंत पडद्याकडे पाहत राहतो आणि निर्णय तेरा हजार किलोमीटर दूर कोणीतरी घेत असतो. त्यामुळे खेळाडूने ठेवायची आशा आणि चाहत्याने ठेवायची आशा या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात, अशी माझी पहिली विनंती आहे.

आता आधाराविषयी. एनबीएची रचनाच अशी आहे, की तळाचा संघ कायम तळाशी राहू नये. युरोपातील फुटबॉलप्रमाणे येथे खालच्या श्रेणीत ढकलले जात नाही. उलट प्लेऑफपर्यंत न पोहोचलेल्या १४ संघांना ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) लॉटरीत, म्हणजे निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, स्थान मिळते आणि नवे खेळाडू निवडताना त्यांना आधी संधी दिली जाते. सर्व संघांच्या पगारांवरही मर्यादा असते, त्यामुळे केवळ श्रीमंतीच्या जोरावर सगळे उत्तम खेळाडू एका शहरात गोळा करता येत नाहीत. या रचनेत काय घडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाचे आहे. २ डिसेंबर २०२१ रोजी हा संघ मेम्फिसकडून ७९-१५२ असा हरला. ७३ गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातील सर्वांत मोठा आहे. त्या हंगामात त्यांनी ८२ पैकी २४ सामने जिंकले. प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांना त्यांनी त्या रात्रीनंतर काढले नाही, आणि जून २०२५ मध्ये त्याच डेगनॉल्टांच्या हाताखाली, हंगामात ६८ सामने जिंकून, तो संघ विजेता ठरला. डेट्रॉइट पिस्टन्सचेही पाहा. २०२३-२४ मध्ये ते सलग २८ सामने हरले आणि अख्ख्या हंगामात त्यांना १४ विजय मिळाले. पुढच्याच हंगामात त्यांनी ४४ सामने जिंकून प्लेऑफ गाठली.

ही उदाहरणे खरी असली, तरी केवळ त्यांच्या भरवशावर आशा ठेवू नका, असे मी आपल्याला स्पष्टपणे सांगेन. कारण याच रचनेत आपले किंग्ज २००७ ते २०२२ या काळात सलग १६ हंगाम प्लेऑफबाहेर राहिले. लॉटरीत त्यांचे नाव वर्षानुवर्षे होते. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड हाती असताना त्यांनी मार्विन बॅग्लीला घेतले आणि पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच त्यानंतरच्या क्रमांकावर गेला. मे २०२५ च्या लॉटरीत सर्वांत कमी विजय मिळवलेल्या युटाला पाचवा क्रमांक मिळाला, आणि पहिला क्रमांक मिळाला तो अवघी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला, म्हणजे आपल्याला एप्रिलमध्ये हरवून पुढे गेलेल्या आणि नंतर स्वतःही प्लेऑफला मुकलेल्या संघाला. रचना संधी देते. त्या संधीचे सोने करायला शहाणपण, धीर आणि नशीब, तिन्ही लागतात. ‘आता पाळी आमची’ असा हिशेब बास्केटबॉलमध्ये चालत नाही. ज्याने तो मांडला, त्याला दरवर्षी फसवले गेल्यासारखे वाटते.

मग उरते काय? माझ्या मते, पुष्कळ उरते. आपण निकालाची आशा थोडी सैल सोडा आणि खेळाची आशा घट्ट धरा. हंगामाच्या सुरुवातीला एक तरुण खेळाडू निवडा आणि गुणतक्त्याकडे न पाहता वर्षभर त्याच्याकडे पाहा : तो चेंडू नसताना कुठे उभा राहतो, चुकलेल्या बास्केटनंतर किती वेगाने मागे धावतो, मागच्या महिन्यात डावीकडून जाताना अडखळत होता तो आता अडखळतो का. कीगन मरीने २०२२-२३ मध्ये आपल्या पहिल्याच हंगामात तीन गुणांचे २०६ बास्केट करून नवख्या खेळाडूंचा विक्रम केला. तो एकेका सामन्यात वाढत गेलेला आकडा ज्यांनी पाहिला, त्यांना जे मिळाले ते फक्त अंतिम निकाल वाचणाऱ्यांना मिळाले नाही. विजेत्या संघाच्या चाहत्याला अशा बारकाव्यांची गरज सहसा भासत नाही. हरणाऱ्या संघाचा चाहता खेळ अधिक खोलवर पाहायला शिकतो, हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही. चार दशके कोर्टाच्या कडेला बसून मी ते पाहिले आहे.

एक जुनी आठवण सांगतो. महाविद्यालयात असताना आमचा संघ एका वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील सगळे सामने हरला. तेव्हा सामने वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होत आणि आमचा उत्तरार्ध नेहमी कोसळत असे. ग्रंथालयात काम करणारे एक गृहस्थ प्रत्येक सामन्याला सायकलवरून येत आणि पायऱ्यांवर एकाच जागी बसत. त्यांनी आम्हाला कधीही ‘पुढच्या वेळी जिंकाल’ असे म्हटले नाही. ‘आज तू मध्यंतरानंतरही परत धावत होतास,’ असे ते एकदा मला म्हणाले. त्या वर्षातला एकही गुणफलक मला आज आठवत नाही, पण ते वाक्य आठवते, आणि पुढच्या सामन्यात मी कशासाठी धावलो तेही आठवते.

आपल्या हातात काहीच नसते, असे मी वर म्हटले, त्याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच संघाचा आहे. २०१३ मध्ये किंग्ज हा संघ सिॲटलला जाणार, हे जवळपास ठरले होते. सॅक्रामेंटोच्या लोकांनी सात वर्षे प्लेऑफ न पाहिलेल्या संघासाठी सभा घेतल्या, स्टेडियम भरले आणि महापौर केव्हिन जॉन्सन यांनी नवे खरेदीदार उभे केले. अखेर लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले. रणदिवे मालक झाले ते त्यानंतर. म्हणजे वरळीत ज्यांच्यासाठी आपण बसलात, तो संघ त्या नावाने आणि त्या शहरात शिल्लक राहिला, तो हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांमुळे. पुढे २०२२-२३ मध्ये प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा सुरू झाली, तेव्हा त्याखाली उभे राहून रडणारे लोक हेच होते. त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्या फेरीतील सातव्या, निर्णायक सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने ५० गुण करून त्यांना बाहेर काढले, हे आपण विसरला नसालच. पण तो सामना संपल्यावर त्या लोकांना कोणी आशा बाळगल्याबद्दल वेडे म्हटले असते, तर ते मला अन्यायाचे वाटले असते.

सहकाऱ्यांचा सल्ला मानायचा की नाही, हे आपणच ठरवा. संघ सोडणे हा गुन्हा नव्हे. परंतु ८२ पैकी प्रत्येक सामना पाहिलाच पाहिजे, असेही नाही. आठवड्यातून एक सामना निवडा, तो शक्यतो कोणाबरोबर तरी पाहा, आणि सलग पाचवा पराभव झाला असेल तर दोन आठवडे खुशाल विश्रांती घ्या. त्यामुळे निष्ठेला बाध येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याची मावशी वॉशिंग्टनला राहते, म्हणून तो वॉशिंग्टन विझर्ड्सचा चाहता झाला. तो पहाटे उठून सामने पाहतो, संघ हरला की डबा न खाता परत आणतो, आणि वर्गातील मुले त्याला चिडवतात. त्याला दुसरा एखादा जिंकणारा संघ सुचवावा का?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : संघ सुचवू नका. त्याने तो मावशीच्या मायेपोटी निवडला आहे. आपण तो बदलायला सांगितला, तर हरणाऱ्यांची बाजू सोडावी असे घरातूनच सांगितले गेले, असा अर्थ तो काढील. विझर्ड्सने २०२४-२५ मध्ये ८२ पैकी १८ सामने जिंकले, हे खरे आहे. मात्र त्याच हंगामात ॲलेक्स सार, बब कॅरिंग्टन आणि किशॉन जॉर्ज हे तिघे नवखे खेळाडू त्यांच्याकडे खेळत होते, आणि एकोणीस वर्षांचा कॅरिंग्टन ८२ पैकी एकाही सामन्यात अनुपस्थित नव्हता. इतक्या पराभवांतही रोज मैदानात उतरणारा, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला हा मुलगा आपल्या मुलाला जवळचा वाटेल. एखाद्या संध्याकाळी त्याला विचारा, ‘कॅरिंग्टन आज कसा खेळला?’ निकाल विचारू नका. आपल्याला खेळ कळत नसेल तर अधिकच चांगले, कारण मग त्याला समजावून सांगावे लागेल आणि सांगता सांगता त्याचा राग निवळेल.

झोपेच्या बाबतीत मात्र मी कठोर राहीन. वॉशिंग्टनमधील संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि तिकडे घड्याळे एक तास पुढे असतात त्या महिन्यांत साडेचारला सुरू होतो. शाळेच्या दिवशी ही वेळ आठवीतील मुलासाठी योग्य नाही. तेथील शनिवारचे सामने आपल्याकडे रविवारी सकाळी होतात. तेवढे त्याने थेट पाहावेत, इतर सामन्यांची क्षणचित्रे संध्याकाळी पाहावीत.

आणि त्याला खेळू द्या. शाळेत किंवा जवळपास कोर्ट असेल तिथे आठवड्यातून तीन दिवस गेला, तरी पुरे. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्याचीच आहे, हेही त्याला सांगा. स्वतः रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून परत आलेल्या चेंडूसाठी, उडी मारून चेंडू निसटू दिलेल्या मुलाला पडद्यावरचा पराभव वेगळा दिसतो. चिडवणारी मुले त्याच कोर्टवर आली, तर बहुधा एका महिन्यात त्यांचा विषय बदलेल. डबा मात्र भरून परत आला, तर त्याला त्या दिवशी रागावू नका. एखाद्या गोष्टीसाठी मनापासून वाईट वाटणे हे त्याच्या वयात लपवायला लावण्यासारखे नाही.

प्रश्न : मला यंदापासून एनबीए पाहायचे आहे. किंग्जचे सामने पाहण्यासाठी रात्रभर जागावे लागते का?
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : नाही. सॅक्रामेंटो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे असल्यामुळे तेथील संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे सकाळी असतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साडेसातला आणि त्यानंतर मार्चपर्यंत साडेआठला. सामना साधारण अडीच तास चालतो. किंग्ज जिंकले, तर जांभळा झोत आकाशात जातो तेव्हा पुण्यात अकरा वाजत आलेले असतात. आपले पहिले तास सकाळी असतील, तर आपल्याकडे रविवारी सकाळी होणारा सामना निवडा.