मोबाईलवर सगळ्यात रिअल कार रेसिंग गेम कोणता? आणि तो खेळून खरं ड्रायव्हिंग सुधारतं का?

ग्रिड ऑटोस्पोर्ट. एकदा विकत घ्यायचा, नंतर आत कुणी पैसे मागत नाही. इथे ज्यांनी ॲस्फाल्ट हा गेम सुचवलाय त्यांना प्रश्न कळलेला नाही. नायट्रो मारून हवेत गिरक्या घेणारी गाडी मलाही आवडते, पण तुम्ही 'रिअल' विचारलंय.

आता दुसरा प्रश्न. यावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे दाजी. आणि जावई असल्यामुळे ते कायम बरोबर.

आम्ही दोघं खेळायचो तो रिअल रेसिंग 3 आला 2013 मध्ये. मेलबर्नच्या स्टुडिओचा गेम, डाउनलोड फुकट. त्या काळी फोनवर एवढ्या खऱ्या गाड्या आणि खरे ट्रॅक बघून आम्ही वेडेच झालो होतो. त्यात एक भन्नाट सोय होती. मित्र ऑनलाईन नसला तरी त्याने आधी नोंदवलेल्या वेळेनुसार त्याच्या नावाची गाडी तुमच्या शर्यतीत पळायची. म्हणजे दाजी पुण्यात झोपलेले असायचे आणि इकडे कोल्हापुरात रात्री त्यांच्या नावाची गाडी माझ्यापुढे. ती ढकलून ट्रॅकबाहेर घातली तरी सकाळी वेळांच्या यादीत दाजींची वेळ जशीच्या तशी.

फुकट गेमचा खर्च कुठून निघतो हे सगळ्यांना माहीत आहे. शर्यतींमध्ये गाडी झिजायची. ऑइल, ब्रेक, टायर, सस्पेन्शन, सगळ्याची सर्व्हिसिंग. ती होईपर्यंत थांबा, नाहीतर गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, खर्च करा. मी थांबायचो, दाजी गोल्ड घ्यायचे. त्यांची गाडी पूर्ण अपग्रेड केलेली, माझी जवळजवळ शोरूममधून आली तशी. वर त्यांचे सगळे असिस्ट चालू. ब्रेक गेम मारणार, स्टिअरिंग गेम सांभाळणार, ॲक्सिलरेटर तर आपोआपच. दाजींनी फक्त फोन तिरका करायचा. यादीत मात्र नुसती वेळ दिसायची. कुणाचे असिस्ट चालू आणि कुणाचे बंद, हे जगाला कळायला काही मार्ग नव्हता.

आणि प्रत्येक कार्यक्रमात तेच ऐकायचं. "काय मेहुणे, माउंट पॅनोरमावर अजून आमच्या मागेच का?"

माउंट पॅनोरमा हा ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्टचा ट्रॅक. लांबी 6.213 किलोमीटर आणि डोंगरावर चढून उतरणारा. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या ठिकाणात 174 मीटरचा फरक. एरवी तो साधा सार्वजनिक रस्ता असतो, 60 ची वेगमर्यादा आणि कडेला लोकांची घरं. वर स्कायलाइन नावाच्या टोकापासून खाली फॉरेस्ट्स एल्बो या वळणापर्यंत दोन्ही बाजूंना भिंती आहेत. माझ्या मते गेम किती रिअल आहे हे तपासायला याच्यासारखा ट्रॅक नाही. उतारावर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी स्टिअरिंग फिरवलं की मागचा भाग सुटलाच. टायरची पकड ठरावीक असते. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला काय उरणार? हे बोटाला जाणवलं तर गेम रिअल. ग्राफिक्सचं कौतुक नंतर.

एका भाऊबिजेला मी म्हटलं, "दाजी, एकदा असिस्ट बंद करून दाखवा ना." आईने डोळे वटारले. दाजी म्हणाले, "आण इकडे." चढ ठीक गेला, चढावर कुणीही चालवतो. स्कायलाइनला पहिली भिंत, मग एसेस म्हणजे नागमोडी वळणांमध्ये एकदा डावीकडची आणि एकदा उजवीकडची. फॉरेस्ट्स एल्बोला तर गाडी उलटी तोंड करून उभी. ताई पदर तोंडाला लावून हसत होती. दाजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "फोन गरम झालाय, टच नीट घेत नाही." आईने लगेच "हो, सकाळपासून चार्जिंगलाच होता" म्हणत जावयाची बाजू घेतली. विषय संपला.

माझा नाही संपला. कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून आम्ही आंबा घाट उतरत होतो आणि दाजी सांगत होते की गेममुळे त्यांचा हात कसा बसलाय. उदाहरण ठरलेलं, ब्रिटिश रेसर जॅन मार्डेनबरो. तो गेम खेळता खेळता 2011 मध्ये जीटी अकॅडमी ही गेमर्समधून रेसर निवडणारी स्पर्धा जिंकला आणि 2013 मध्ये ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरला. हे खरं आहे. पण तो प्लेस्टेशनवर ग्रान टुरिस्मो खेळायचा, त्याचं ब्रेकिंग गेम करत नव्हता, आणि जिंकल्यावर निसानने त्याला खऱ्या गाडीत बसवून शिकवलं. हे सगळं मी सांगत होतो तेव्हा दाजींचा पाय ब्रेकवर होता. घाट सुरू झाल्यापासून तो तिथेच होता. साखरप्याच्या अलीकडे जळका वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली तर पुढच्या चाकांजवळ हात धरवत नव्हता. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. आणि हे त्यांना कुठल्याच गेमने शिकवलं नव्हतं, कारण गेममध्ये ब्रेक कितीही दाबा, वास येत नाही. दाजींचं म्हणणं आजही एकच आहे, पॅड डुप्लिकेट होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, थोडं सुधारतं. नजर बॉनेटवर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची सवय लागते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, हे डोक्यात बसतं. एवढंच. पोटात गोळा येणं, सीटमधून कळणारं गाडीचं सरकणं, आडवा येणारा कुत्रा, चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करणारी एसटी, यातलं काहीही फोन देत नाही.

ग्रिड ऑटोस्पोर्ट घेतलात तर आधी सेटिंगमध्ये जाऊन असिस्ट एकेक करून काढा. सगळे एकदम काढलेत तर दाजी व्हाल. पहिल्यांदा ब्रेकिंगचा काढा, चाकं जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल शेवटी. चूक झाली की वेळ मागे नेणारा फ्लॅशबॅक वापरू नका, त्याने हात बिघडतो. जमलं तर गेमपॅड घ्या, पण ट्रिगर अर्धा दाबता येईल असा. स्वस्तातल्या काही गेमपॅडचे ट्रिगर नुसते चालू-बंद असतात, त्यांनी ब्रेक थोडा थोडा सोडता येत नाही. मग काचेवर बोट ठेवल्यात आणि त्यात फरक काय राहिला?

हो, आधी सांगायला हवं होतं. हा गेम प्रत्येक ॲन्ड्रॉइडवर चालत नाही. कोणत्या मॉडेलवर चालतो त्याची यादी कंपनी देते, ती बघूनच पैसे भरा. जागाही काही जीबी खातो. फोन खरोखर तापतो आणि तापला की गेम अडखळतो, तेवढा मुद्दा दाजींचा मान्य. आणि हा शंभर टक्के सिम्युलेटर नाही, थोडा सांभाळून घेतो. त्याहून कडक हवं असेल तर पीसी आणि स्टिअरिंग व्हील, पण तुम्ही मोबाईल विचारलंत.

माउंट पॅनोरमा यातही आहे. दाजी, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे, ताईने लिंक पाठवली असणारच. यात गोल्ड मिळत नाही. असिस्ट दोघांचेही बंद, गाडी दोघांची सारखी, फोन तुमचा. आणि खेळताना आई खोलीत नको.