शोधलं की टेस्टच्याच फायली समोर येतात

प्रश्न : ऐरोलीला सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागले. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना, अवाढव्य प्रोजेक्ट आहे. परवा ‘रिफंड’ शोधलं, तर 212 ठिकाणी सापडलं आणि बघावं तिथे टेस्टच्याच, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या फायली. पैसे परत करणारा खरा कोड शोधण्यात दुपार गेली. सीनियर म्हणाले, “होईल सवय.” कोड लिहायला ऑफिसात इंटेलिजे आहे, घरी व्हीएस कोड. टेस्ट शोधातून कायमच्या काढता येतील का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : काढता येतात. फक्त ‘कायमच्या’ काढू नका. का ते सांगतोच.

आधी ऑफिसचं. इंटेलिजेत कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबलं की शोधाची खिडकी उघडते. तिथे ‘इन प्रोजेक्ट’च्या रांगेत ‘स्कोप’, म्हणजे कुठल्या फायलींत शोधायचं ते, आहे, तो निवडा आणि यादीतून ‘प्रोजेक्ट प्रॉडक्शन फाइल्स’ घ्या. झालं. मेव्हन किंवा ग्रेडल या प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनांपैकी एखादं वापरलं असेल तर टेस्टचं फोल्डर कुठलं हे इंटेलिजेला आधीच ठाऊक असतं. डावीकडच्या फायलींच्या झाडात ते हिरवं दिसतं. एखादं टेस्टचं फोल्डर हिरवं नसेल, तर त्यावर राइट क्लिक करून ‘मार्क डिरेक्टरी अ‍ॅज’मधून ‘टेस्ट सोर्सेस रूट’ करा. एक लक्षात असू द्या : सोर्स फोल्डरांच्या बाहेरच्या फायली, उदाहरणार्थ मेव्हनची पॉम ही सेटिंगची फाइल, या स्कोपमध्ये येत नाहीत. तिथलं काही हवं असेल तर पुन्हा ‘इन प्रोजेक्ट’वर या.

व्हीएस कोडमध्येही कंट्रोल-शिफ्ट-एफच. शोधाच्या चौकटीखालचे तीन ठिपके दाबा, ‘फाइल्स टु एक्सक्लूड’ ही जागा उघडेल. जावासाठी तिथे एसआरसी, स्लॅश, टेस्ट एवढं लिहिलं तरी पुरतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत मात्र टेस्ट कोडच्या शेजारीच ठेवायची पद्धत आहे. तिथे फोल्डर वगळून भागत नाही, फायलीच्या नावातलं ‘टेस्ट’ किंवा ‘स्पेक’ धरूनच वगळावं लागतं.

आता ‘कायमच्या’बद्दल. व्हीएस कोडमध्ये ‘सर्च डॉट एक्सक्लूड’ नावाचं सेटिंग आहे. काही वर्षांपूर्वी घणसोलीच्या ऑफिसात मी त्यात टेस्टचं फोल्डर टाकलं, आणि ते प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फायलीत असल्यामुळे कोडबरोबर सगळ्या टीमकडे गेलं. हे सेटिंग कंट्रोल-पी दाबून फाइल उघडतानाही लागू होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने कोडमधल्या एका क्लासची टेस्ट शोधली, सापडली नाही, म्हणून तिने तीन दिवस बसून ती नव्याने लिहिली. जुनी तिथेच होती, तिच्यापेक्षा तपशीलवार. तिचे ते तीन दिवस माझ्यामुळे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुणी असं करून ठेवलं असल्याची शंका आली, तर वगळण्याच्या जागेच्या उजव्या टोकाला एक छोटं बटण आहे. ते बंद केलं की वगळलेलं सगळं पुन्हा शोधात येतं.

शोधून बदलतानाही टेस्ट लपवू नका. लपलेल्या फायलींत बदल होत नाही. बदललेलं नाव मेथडचं, म्हणजे कोडमधल्या एखाद्या कामाच्या तुकड्याचं, असेल तर कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर ओरडेल. अवतरणातला मजकूर असेल तर तो गप्प राहील.

आणि खरा कोड हाती लागला की स्कोप ‘प्रोजेक्ट टेस्ट फाइल्स’ करून तोच शब्द परत शोधा. तुम्ही नवीन आहात म्हणून हे आवर्जून सांगतोय. अर्धेच पैसे परत द्यायचे असतील तर काय, तीच विनंती दोनदा आली तर काय, हे जुन्या प्रोजेक्टात बहुतेक वेळा फक्त टेस्टमध्येच लिहिलेलं सापडतं. ते लिहिणारी माणसं केव्हाच नोकरी सोडून गेलेली असतात.

उद्या स्कोप बदलून बघा आणि 212 पैकी किती उरले ते मला जरूर कळवा.