शेरूला फिट येते तेव्हा

प्रश्न: ताई, आमच्या 4 वर्षांच्या कुत्र्याला, शेरूला, एपिलेप्सी आहे, फिनोबार्बिटोनची गोळी चालू आहे तरी फिट येतेच, परवा रात्री तर लागोपाठ दोन आल्या, आई तोंडात चमचा घालायला धावली. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच, तो जीभ गिळत नाही पण आईंची बोटं चावली जातील. खुर्च्या सरकवा, लाइट बंद करा नि घड्याळ बघा. 5 मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर तशीच गाडी काढायची, म्हणजे परवाच जायला हवं होतं, आज तरी जाच. रक्तातली औषधाची लेव्हल नि लिव्हर तपासून घ्या. गोळी दर 12 तासांनी, अचानक बंद केली तर फिट्स भडकतात. कदाचित डॉक्टर पोटॅशियम ब्रोमाइड जोडतील, मग मात्र आपली इंदुरी शेव त्याला एक दाणाही नाही, मीठ वाढलं की ते औषध लघवीवाटे लवकर निघून जातं. फिटनंतर तो भिंतीला धडकत फिरेल, घरच्यांना ओळखणार नाही, तेव्हा मिठी मारू नका हो, लांबून हळू आवाजात नाव घेत बसा.