व्यसनमुक्तीत केस मॅनेजरचं काम समुपदेशकापेक्षा वेगळं काय? नवी मुंबईत नोकरी मिळतेय, घेऊ का?

घ्या, पण समुपदेशक माणसाशी बोलतो आणि केस मॅनेजर त्याच्यासाठी फोन, कागदपत्रं आणि खेटे सांभाळतो, हे धरून चाला. ठाण्यात सहा वर्षं हेच करतेय, त्यावरून सांगते. खरं काम माणूस केंद्रातून घरी गेल्यावर सुरू होतं. रबाळ्याला कामाला असलेला एकजण दर पगाराला घसरायचा. समुपदेशन व्यवस्थित चालू, गोळ्याही वेळेवर. पण कोपरखैरणे स्टेशनवरून घरी जायच्या वाटेवरच बार! शेवटी त्याच्याच संमतीने पगार बायकोच्या खात्यात वळवला आणि पगाराच्या दिवशी तो घणसोलीला उतरून चालत घरी जायला लागला. असलं काही पुस्तकात सापडत नाही.

जवळ ठेवा:
- 14446, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. मानसिक त्रासासाठी टेलिमानस, 14416.
- एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं; उपचार अर्धवट सोडले तर तेही जातं.
- घरातल्या दोघांचे तरी नंबर. पेशंटचा फोन नेमका हवा तेव्हाच बंद असतो.

एक मात्र, औषधोपचाराचे निर्णय तुमचे नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असं कधी सांगू नका; पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर.